विलायतेतील मोहनदास

राजकोटच्या शाळेत मोहनदास गांधी नावाचा एक विद्यार्थी होता. शाळेची घंटा होण्याच्या सुमारास तो वर्गात येऊन बसे आणि शाळा सुटताच धावत घर गाठीत असे. रेंगाळले तर कोणी आपल्याशी बोलेल, आपली थट्टा करील, अशी त्याला धास्ती वाटे. पुस्तके व धडे हेच त्याचे सोबती होते.

मोहनदासचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद हे पोरबंदर व राजकोट या संस्थानांचे दिवाण होते. आई पुतळीबाई अत्यंत श्रद्धाळू होती. व्रते आणि उपवास यांत तिने कधी खंड पडू दिला नाही. मोहनदास सोळा वर्षांचा असताना वडील वारले. १८८७ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाला. परंतु तेथील व्याख्याने त्याला समजेनात. तेव्हा मावजी दवे नावाच्या कुटुंबाच्या एका जुन्या स्नेह्याने सल्ला दिला की, मुलाला विलायतेस पाठवून बॅरिस्टर करावे.

आईचे मन काही केल्या तयार होईना. विलायतेत गेलेली मुले बिघडतात, मांस खातात, मद्य पितात, असे तिने ऐकले होते. अखेर बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष मोहनदासने शपथ घेतली की, मद्य व मांस यांना स्पर्श करणार नाही आणि आचरण शुद्ध ठेवीन. मग आईने परवानगी दिली. मुंबईत मोढ वाण्यांच्या ज्ञातीची सभा भरली. समुद्र ओलांडणे धर्माविरुद्ध आहे, असे शेठजींनी बजावले. मोहनदास ऐकत नाही, हे पाहून त्यांनी त्याला जातीबाहेर टाकले आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा बंदरावर निरोप देण्यास जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरविला. नवल हे की, जो मुलगा चार मित्रांपुढे बोलताना गडबडे तो त्या भरसभेत ठाम उभा राहिला. त्यापूर्वी राजकोटला शाळेतील मित्रांनी त्याला निरोप दिला, तेव्हा आभाराचे चार शब्द त्याने कागदावर लिहून नेले होते. ते वाचतानाही त्याचे डोके गरगरले होते व अंग थरथरले होते!

४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाइड' या आगबोटीने मुंबई सोडली. मोहनदासच्या खोलीत जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजुमदार हे सोबतीला होते. दुसऱ्या वर्गातील बाकीचे सारे प्रवासी इंग्रज. कोणी काही विचारले की, मोहनदास मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवू लागे आणि ते जुळून येईपर्यंत बोलण्याची वेळ निघून जाई. काटे व सुऱ्या कशा धराव्या, हे त्याला ठाऊक नव्हते. कोणत्या पदार्थात मांस नाही, हे विचारण्याचा धीर होत नव्हता. म्हणून तो भोजनाच्या मेजाकडे फिरकलाच नाही. घरून बरोबर दिलेली मिठाई व फळे खोलीत बसून खाऊन त्याने बहुतेक सारा प्रवास काढला. वकिलाच्या जिभेला हाड नसावे, तू लोकांत मिसळ, असे मजुमदार परोपरीने सांगत, पण व्यर्थ.

बोटीवर तो काळा पोशाख वापरीत असे. पांढऱ्या फलालीनचा एक नवा पोशाख त्याने जपून ठेवला होता. विलायतेच्या भूमीवर पाऊल टाकताना पांढरे कपडे शोभून दिसतील, अशी त्याची समजूत होती. सप्टेंबर संपत आला होता, हवा थंड होती आणि बंदरावर उतरून पाहतो तो पांढऱ्या कपड्यात आपण एकटेच! सामानाच्या किल्ल्या एजंटाच्या माणसाकडे गेलेल्या, त्यात दुसरा दिवस रविवारचा. म्हणजे सामान लवकर हाती येण्याची आशा नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया हॉटेलात तो त्याच पांढऱ्या पोशाखात अंग चोरून बसला.

त्याच संध्याकाळी डॉक्टर प्राणजीवन मेहता त्याला भेटायला आले. फलालीनचा पोशाख पाहून त्यांना हसू आले. बोलता बोलता मोहनदासने त्यांची उंच रेशमी टोपी सहज हाती घेतली आणि तिचा मऊपणा पाहण्यासाठी लवेवरून उलटा हात फिरविला. टोपीची लव विसकटली. डॉक्टरांनी त्याला थांबविले, थोडेसे रागावूनच. मग त्यांनी विलायती रीतीभातींचा पहिला धडा दिला : दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नये, आपल्याकडे पहिल्याच भेटीत विचारतात तसे प्रश्न येथे विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये. मोहनदासने हे सारे मुकाट्याने ऐकून घेतले. आपण जे सहज करतो ते येथे चुकीचे ठरते, ही जाणीव मात्र त्याच्या मनात खोल रुतली. परदेशी गेलेल्या नवख्या माणसाला खरे दुःख होते ते याच जाणिवेचे.

पुढचे दिवस कठीण गेले. रात्री अंथरुणावर पडले की आईची आठवण येऊन डोळ्यांतून पाणी वाहू लागे. आणि हे दुःख सांगावे तरी कोणाला? एका हिंदी मित्राकडे रिचमंड येथे तो महिनाभर राहिला. सकाळी ओटची लापशी मिळे, तिने पोट भरे. परंतु दुपारी आणि रात्री पालकाची भाजी, पाव व मुरंबा एवढ्यावरच भागवावे लागे. त्याची भूक चांगली होती. पण पावाचे दोनतीन काप संपले की आणखी मागण्याची लाज वाटे. मांस खाल्ल्याशिवाय या देशात निभाव लागणार नाही, असा मित्राचा रोजचा आग्रह. एकदा तर मित्राने बेंथॅम या तत्त्वज्ञाचा ग्रंथ वाचून दाखविला. ते गहन विवेचन मोहनदासला काही कळले नाही. त्याने एवढेच सांगितले की, वादात मी हरलो तरी शपथ ती शपथच.

नंतर तो वेस्ट केन्सिंग्टन भागात एका विधवा बाईंच्या घरी राहावयास गेला. तेथेही अन्नाची तीच रड. बाईंच्या दोन मुली मोठ्या मायेने पावाचा एखादा काप जास्त वाढीत. त्या बिचाऱ्यांना काय माहीत की, या लाजऱ्या पाहुण्याला अख्खा पाव हवा आहे!

लंडनमध्ये शाकाहारी उपाहारगृहे आहेत, असे घरमालकिणीकडून कळल्यावर मोहनदास त्यांच्या शोधात निघाला. दररोज दहाबारा मैल पायपीट करावी, एखाद्या स्वस्त दुकानात शिरून पाव खावा आणि तरी समाधान होऊ नये, असे चालले होते. शेवटी एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला तसे एक उपाहारगृह सापडले. दारातच काचेमागे विक्रीची पुस्तके मांडलेली होती. त्यांत हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे एक पुस्तक होते. एक शिलिंग देऊन त्याने ते घेतले आणि मगच तो जेवायला गेला. विलायतेत आल्यापासून पोटभर असे हे पहिलेच जेवण होते.

ते पुस्तक त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढले. आतापर्यंत तो मांस खात नव्हता तो आईला दिलेल्या वचनामुळे. त्यामुळे चारचौघांत आपण काहीतरी लपवीत आहोत, असे त्याला वाटे. आता विचार करून, पटवून घेऊन त्याने तोच आहार स्वीकारला. पुढे जो पालट झाला त्याचे बीज येथे आहे. पण तो एका दिवसात झाला नाही. मध्यंतरी एक मौजेचा प्रकार घडला.

मोहनदास पुस्तके वाचून आहाराचे वेड घेऊन बसणार, अशी त्या पूर्वीच्या मित्राला काळजी वाटू लागली. त्याने मोहनदासला नाटकाचे आमंत्रण दिले आणि आधी हॉबर्न रेस्टॉरंट या भव्य उपाहारगृहात जेवायला नेले. एवढ्या बड्या ठिकाणी हा लाजेने तरी गप्प बसून खाईल, असा मित्राचा कयास असावा. प्रथम सूप आले. ते कशाचे आहे, हे मित्राला विचारवेना. म्हणून मोहनदासने वाढप्याला खुणेने बोलाविले. मित्राच्या ते ध्यानात आले. सारा प्रकार कळताच तो संतापला आणि सभ्य मंडळीत वागता येत नसेल तर बाहेर जाऊन दुसरीकडे कोठे तरी जेव, असे त्याने सुनावले. मोहनदास उठून बाहेर आला. त्याला वाईट वाटले नाही, उलट सुटल्यासारखे झाले. जवळच एक शाकाहारी उपाहारगृह होते, पण ते बंद झालेले. त्या रात्री तो उपाशीच नाटकाला बसला. झाल्या गोष्टीबद्दल मित्राने अवाक्षर काढले नाही, यानेही काढले नाही.

मित्राला आपल्यामुळे लाजावे लागले, याची भरपाई करावी, असे मोहनदासच्या मनाने घेतले. मांस तर खायचे नाही. मग निदान इतर सर्व बाबतींत पुरा इंग्रज सद्गृहस्थ व्हावे! मुंबईचे कपडे बाजूला पडले. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे कपडे आले. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी आली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून रात्रीच्या समारंभाचा पोशाख शिवला. भावाकडून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागविली. घरी असताना न्हावी दाढी करावयास येई त्याच दिवशी आरसा हाती पडे. येथे एका मोठ्या आरशापुढे उभे राहून नेकटाय नीट करण्यात आणि केसांचा भांग पाडण्यात रोजची दहा मिनिटे जाऊ लागली. केस राठ, ते बसता बसत नसत. टोपी काढली वा घातली की हात आपोआप केसांकडे जाई.

पुढे नृत्य. तीन पौंड भरून मोहनदास नृत्याच्या वर्गात गेला. तीन आठवड्यांत सहा धडे झाले, पण पियानोचा ताल त्याच्या पायांना सापडेना. तेव्हा इंग्रजी संगीताचा कान तयार व्हावा म्हणून तीन पौंडांचे व्हायोलिन विकत घेतले आणि ते शिकविणाऱ्या बाईंना वेगळी फी दिली. लंगोटी उंदरांपासून राखण्यासाठी मांजर पाळणारा आणि मांजरासाठी गाय पाळणारा बैरागी तुम्ही गोष्टीत ऐकला असेल. तशीच ही गत झाली. त्यावर वक्तृत्वाचे शिक्षक ठेवले, त्यांना एक गिनी दिली. त्यांनी बेल नावाच्या ग्रंथकाराचे पुस्तक नेमले व पिट या मुत्सद्द्याच्या भाषणापासून आरंभ केला. इंग्रजीत बेल म्हणजे घंटा. या बेलनेच आपल्या कानाशी धोक्याची घंटा वाजविली, अशी कोटी गांधीजींनी पुढे आपल्या आत्मकथेत केली आहे.

मोहनदास विचार करू लागला. आपल्याला काही जन्मभर या देशात राहावयाचे नाही. वक्तृत्व शिकून काय करावयाचे? नाचण्याने माणूस सभ्य कसा होतो? व्हायोलिन तर हिंदुस्थानातही शिकता येईल. आपण येथे विद्यार्थी आहोत. त्याने वक्तृत्वाच्या शिक्षकांना पत्र लिहून क्षमा मागितली. तसेच पत्र नृत्याच्या शिक्षकांना गेले. व्हायोलिनच्या बाईंकडे मात्र तो स्वतः गेला आणि येईल त्या किमतीला वाद्य विकून टाकावे, अशी त्याने त्यांना विनंती केली. आपण चुकीच्या मार्गाला लागलो होतो, हेही त्याने त्यांना मोकळेपणाने सांगितले. बाईंनी त्याच्या निश्चयाचे कौतुक केले. हे सारे वेड सुमारे तीन महिने टिकले. कपड्यांतील टापटीप तेवढी पुढे कित्येक वर्षे राहिली.

यानंतरचा मोहनदास निराळा दिसतो. पैन् पैचा हिशेब त्याने लिहावयास घेतला. लहान खोलीत बिऱ्हाड केले. गाडीभाडे वाचवून तो रोज आठदहा मैल चालू लागला. लापशी व कोको हातांनी शिजवून दिवसाचा खाण्याचा खर्च त्याने एक शिलिंग तीन पेन्सांवर आणला. कायद्याच्या अभ्यासाबरोबरच तो लंडनच्या मॅट्रिक परीक्षेला बसला. लॅटिनमध्ये एकदा अनुत्तीर्ण झाला, आणि १८९० च्या जूनमध्ये उत्तीर्ण झाला.

बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्यांना परीक्षेखेरीज इनर टेम्पल या संस्थेत ठराविक भोजनांना हजर राहावे लागे. चारचार जणांच्या गटामागे मद्याच्या दोन बाटल्या मिळत. मोहनदास मद्य घेत नसल्याने त्याचा वाटा उरलेल्या तिघांना मिळे; त्यामुळे तो आपल्या गटात असावा, अशी अनेकांची धडपड चाले! ज्या गोष्टीमुळे आपण वेगळे पडू, असे त्याला भय होते, तीच येथे त्याला मागणी आणीत होती. आणखी एक शाकाहारी पारशी विद्यार्थी तेथे होता. दोघांनी मिळून वरिष्ठांकडे अर्ज केला आणि वडील मंडळींच्या मेजावरील फळे व भाज्या त्यांना मिळू लागल्या. सुपात काय आहे, हे एका माणसाला विचारू न शकणाऱ्या मोहनदासने आता संस्थेच्या वरिष्ठांकडे आपला हक्क सभ्यपणे मागितला.

तरी भिडस्तपणा गेला होता असे मात्र नव्हे. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितीवर त्याची निवड झाली. प्रत्येक बैठकीला तो जाई आणि गप्प बसे. एका सभासदाला त्याच्या मतांवरून मंडळातून काढण्याचा प्रश्न आला. हा ठराव आणणारे अध्यक्ष मोहनदासचे चांगले स्नेही होते. तरी हे अन्यायाचे आहे, असे त्याला वाटले. बोलण्याचे धैर्य होईना, म्हणून त्याने आपले मत लिहून काढले. ते वाचण्याचेही धैर्य नव्हते; दुसऱ्याने ते वाचून दाखविले. त्याची बाजू हरली. दादाभाई नवरोजींच्या नावचे ओळखपत्र तर त्याने हिंदुस्थानातूनच आणले होते. तो त्यांच्या व्याख्यानांना जाई, कोपऱ्यात बसून ऐके आणि परत येई. पत्र देण्यास मात्र त्याला फार दिवस लागले.

याच काळातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. ब्रायटन येथील एका हॉटेलात पदार्थांची यादी फ्रेंच भाषेत होती व मोहनदास गोंधळून बसला होता. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी ती वाचून कोणत्या पदार्थात मांस नाही, हे त्याला सांगितले. ओळख वाढली आणि लंडनमधील त्यांच्या घरी दर रविवारी जेवण्याचे त्याला आमंत्रण मिळाले. त्याची भीड मोडावी म्हणून बाई आपल्या घरी राहणाऱ्या एका मुलीशी त्याला बोलावयास बसवीत. मोहनदासचे लग्न तेराव्या वर्षीच कस्तुरबाईंशी झाले होते. विलायतेत विद्यार्थी तेव्हा सहसा लग्न झालेले नसत. म्हणून हिंदी तरुण आपले लग्न लाजेने लपवीत, आणि त्यानेही ते लपविले होते. आता बाईंच्या मनात काही गैरसमज निर्माण होत आहे, अशी त्याला शंका आली. त्याने पत्राचे अनेक खर्डे केले, फाडले, आणि शेवटी सर्व खरे लिहून पाठविले : आपले लग्न झाले आहे, एक मुलगा आहे, हे आधी सांगावयास हवे होते, आणि आता आमंत्रण मागे घेतले तरी वाईट वाटणार नाही. उलट टपालाने उत्तर आले. पत्र वाचून त्या दोघी पोट धरून हसल्या होत्या, आणि रविवारचे आमंत्रण कायम होते.

१० जून १८९१ रोजी मोहनदास बॅरिस्टर झाला व दोन दिवसांनी मायदेशी निघाला. निघण्यापूर्वी त्याने शाकाहारी मित्रांना मेजवानी दिली. ती कोठे, तर त्याच हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये! जेथून त्याला भुकेल्या पोटी उठावे लागले होते, तेथे त्या संध्याकाळी खास व्यवस्थेने केवळ शाकाहारी पदार्थ वाढले गेले. भाषणाची वेळ आली. मोहनदासने विनोदी भाषण योजून ठेवले होते. तो उठला, पहिले वाक्य बोलला आणि पुढचे सारे विसरला. आभार मानून तो खाली बसला.

मुंबईस उतरल्यावर आईच्या मृत्यूची बातमी त्याला कळली. वकिलीतही यश आले नाही. पहिल्याच खटल्यात तो उलटतपासणीसाठी उभा राहिला, डोके गरगरू लागले, प्रश्न सुचेना. तीस रुपये फी परत करून तो न्यायालयाबाहेर पडला. १८९३ साली एका व्यापारी पेढीच्या कामासाठी गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे प्रवासात गोऱ्यांकडून त्यांचा जो अपमान झाला तो तुम्ही इतरत्र वाचला असेल. प्रिटोरियास पोचल्यावर काही काळाने तेथील हिंदी व्यापाऱ्यांची सभा त्यांनी बोलाविली आणि व्यापारातील सचोटी व आपल्या लोकांची दैन्यावस्था यांवर ते बोलले. या वेळी त्यांची जीभ अडखळली नाही. आपल्या आयुष्यातील हे पहिले जाहीर भाषण, असे त्यांनी स्वतः नोंदविले आहे.

पुढे १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी पुन्हा लंडनला गेले. पूर्व लंडनमधील गरीब वस्तीतील किंग्जली हॉलमध्ये ते उतरले होते. नोव्हेंबरच्या थंडीत आखूड धोतर, शाल आणि पायांत चपला अशा वेशात ते बादशहाच्या राजवाड्यातील समारंभाला गेले. त्याच महिन्याच्या २० तारखेला लंडनच्या शाकाहारी मंडळाने त्यांच्यासाठी सभा भरविली. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्या समितीत ते तोंड न उघडता बसत, त्यांच्यापुढे ते सविस्तर बोलले. सभेला ऐंशी वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ आले होते. ते हेन्री सॉल्ट होते. फॅरिंग्डन स्ट्रीटवर विकत घेतलेल्या त्या पुस्तकाची आठवण गांधीजींनी सर्वांसमक्ष काढली.